खणाला पत्ता, डब्याला नव्हे

रात्री वीज जाते, थोड्या वेळाने यूपीएसही दमतो आणि पहाटे वीज परत आली की सर्व्हरच्या खोलीतली सगळी यंत्रं एकदमच जागी होतात. स्विच काही मिनिटांत उभा राहतो. पत्ते वाटणारा सर्व्हर मात्र डिस्क तपासत, ऑपरेटिंग सिस्टीम चढवत निवांतपणे येतो. तोवर स्विचचं ‘मला पत्ता द्या’ असं विचारून झालेलं असतं. उत्तर आलेलं नसतं, म्हणून त्याने कारखान्यातून आलेला ठरावीक पत्ता स्वतःला लावून घेतलेला असतो. सकाळी ऑफिस भरतं, संगणक चालतात, प्रिंटर चालतात, कुणाची काही तक्रार नसते. फक्त त्या स्विचचं व्यवस्थापनाचं पान उघडत नाही, आणि ही गोष्ट लक्षात येते ती नेमकी त्यात बदल करायची घाई असते तेव्हा.

नेटवर्कमधल्या उपकरणांना पत्ता आपोआप मिळावा यासाठी गेली चाळीस वर्षं खटपट चालू आहे. ती बऱ्यापैकी यशस्वीही झाली आहे. पण स्विचच्या बाबतीत ‘पत्ता मिळाला का’ हा प्रश्न अपुरा आहे. तो कशाच्या आधारावर मिळाला, आणि मिळालाच नाही तर आत शिरायला दुसरी वाट आहे का, हे त्याहून महत्त्वाचं. एकाच चॅसीत सर्व्हर आणि स्विच-मॉड्यूल दाटीवाटीने बसवलेल्या ब्लेड यंत्रणांमध्ये या दोन्ही प्रश्नांचा फार नीट विचार झालेला दिसतो, म्हणून या लेखात मुक्काम तिथेच जास्त आहे.

स्विचला पत्ता हवाच कशाला?

साध्या स्विचला आपलं काम करायला आयपी पत्ता लागतच नाही. आलेल्या फ्रेमवरचा मॅक पत्ता वाचायचा, तो यापूर्वी कोणत्या पोर्टवर दिसला होता हे आपल्या तक्त्यात शोधायचं आणि फ्रेम तिकडे सोडून द्यायची, एवढाच व्यवहार. मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो. त्यातले पहिले २४ बिट साधारणपणे उत्पादकाची ओळख सांगतात, उरलेले त्या एका नगाची. कोपऱ्यातल्या टेबलाखाली पडलेला आठ पोर्टांचा स्वस्तातला स्विच एवढ्याच भांडवलावर वर्षानुवर्षं चालतो.

आयपी पत्ता लागतो तो त्या स्विचशी बोलायला: कोणतं पोर्ट बंद आहे, कोणत्या केबलवर चुका वाढल्यात, कोणता सर्व्हर कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे कोणत्या आभासी नेटवर्कमध्ये, टाकलाय हे विचारायला आणि बदलायला. यालाच व्यवस्थापनाचा पत्ता म्हणतात. तो हरवला तरी वाहतूक थांबत नाही, आणि म्हणूनच तो हरवल्याचं कुणाला कळत नाही.

मागितल्यावर मिळणारा पत्ता

१९८४ सालच्या रार्प या पद्धतीत यंत्र आपला मॅक पत्ता ओरडून सांगे आणि कुणीतरी त्याला आयपी पत्ता कळवी. पण उत्तर देणारा सर्व्हर नेटवर्कच्या त्याच तुकड्यात असावा लागे आणि पत्त्यापलीकडे काही मिळत नसे. पुढच्याच वर्षी बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांची बूटपी आली. तिच्यात पत्त्याबरोबर गेटवे आणि सुरुवातीला उतरवायच्या फाइलचं नावही मिळू लागलं. तक्ता मात्र माणसानेच भरायचा होता.

१९९३ मध्ये राल्फ ड्रोम्स यांनी मांडलेल्या डीएचसीपीने हा तक्ता भरण्याचं काम काढून टाकलं. मार्च १९९७ मध्ये त्याचा सुधारित मसुदा आरएफसी २१३१ म्हणून निघाला, आणि आपल्या घरातला वायफाय राउटर आजही मुळात त्याच नियमांनी चालतो. चार निरोपांचा हा खेळ आहे: यंत्र विचारतं ‘कुणी आहे का?’, सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, यंत्र तो मागून घेतं, सर्व्हर पक्कं करतो. पत्ता मुदतीवर मिळतो आणि निम्मी मुदत सरली की यंत्र नूतनीकरण मागायला लागतं.

लॅपटॉप आणि मोबाइल यांच्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, कारण त्यांचा पत्ता काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. स्विचचं उलटं. त्याच्याकडे आपल्यालाच जायचं असतं, त्यामुळे त्याचा पत्ता माहीत हवा आणि उद्याही तोच हवा. यावर रूढ उपाय म्हणजे आरक्षण: अमुक मॅक पत्त्याचा स्विच आला की त्याला तमुकच आयपी द्यायचा. वरवर पाहता प्रश्न मिटला. पण आरक्षण बांधलेलं असतं त्या डब्याशी. विजेच्या धक्क्याने तो स्विच गेला आणि गोदामातून दुसरा आणून बसवला, की मॅक पत्ता नवा, आरक्षण निरुपयोगी. बदलण्याचं काम रात्री दोनला करणाऱ्या माणसाला डीएचसीपी सर्व्हरचा पासवर्ड माहीत असेलच असं नाही.

एसटीत तिकिटावर आसन क्रमांक असतो. प्रवासी उतरला, दुसरा चढला, तरी क्रमांक आसनाचाच राहतो. स्विचलाही तसाच, जागेचा पत्ता हवा. अडचण एवढीच की जागा कोणती हे मोकळ्या नेटवर्कमध्ये कुणाला कळावं? चॅसीत मात्र ते कळतं.

सगळं एका चॅसीत

ब्लेड सर्व्हर बाजारात आणण्याचा पहिला मान आरएलएक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचा. २००१ मध्ये तिने रॅकच्या फक्त तीन यू उंचीत २४ सर्व्हर बसवले. आयबीएमने सप्टेंबर २००२ मध्ये ब्लेडसेंटर जाहीर केलं: सात यू उंचीची चॅसी, पुढून १४ ब्लेड सर्व्हर आणि मागून चार आयओ मॉड्यूल.

या आयओ मॉड्यूलच्या खणांत स्विच बसतात. पण हे स्विच नेहमीचे नव्हेत. त्यांना स्वतःची वीजजोडणी नसते, पंखे चॅसीचे वापरायचे असतात आणि १४ सर्व्हरांकडे जाणाऱ्या वाटा केबलच्या नसून मधल्या मिडप्लेन पाटीवर कोरलेल्या असतात. बाहेर दिसतात ती फक्त वरच्या नेटवर्ककडे जाणारी मोजकी पोर्टं. अशा मॉड्यूलला पत्ता देणार कोण? त्याच्या शेजारीच बसलेलं व्यवस्थापन मॉड्यूल. वीज, तापमान, पंखे यांवर नजर ठेवणारं हे छोटं संगणकी कार्ड प्रत्येक खणात काय बसलंय हे जाणतं. कोणत्या खणातून विचारणा आली हे त्याला मुद्दाम सांगावं लागत नाही, कारण प्रत्येक खणाची तार वेगळी आहे.

आयबीएमची रीत: खण मोजा, पत्ता समजा

ब्लेडसेंटर हाताळलेल्या माणसाला १९२.१६८.७०.१२५ हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. हा व्यवस्थापन मॉड्यूलचा मूळ पत्ता. चालू झाल्यावर ते आधी डीएचसीपीकडे मागणी करतं, दोन-तीन मिनिटं वाट पाहतं आणि कुणी दाद दिली नाही तर हा पत्ता लावून घेतं. त्याच मॉड्यूलच्या आतल्या बाजूचा पत्ता १२६ वर संपतो. पुढे पहिल्या खणातल्या स्विचला १२७, दुसऱ्याला १२८, तिसऱ्याला १२९ आणि चौथ्याला १३०.

यात हुशारी अशी की स्विच कोणत्या कंपनीचा आहे याला महत्त्व नाही. सिस्को असो की नॉर्टेल, दुसऱ्या खणात गेला की त्याचा मूळ पत्ता १२८. व्यवस्थापन मॉड्यूल आयटूसी या मंद पण भरवशाच्या दोन तारांच्या वाटेने स्विचला त्याची आयपी माहिती पोचवतं. रोजच्या बोलण्यासाठी आत १०० मेगाबिटची वेगळी इथरनेट जोडणी असतेच. म्हणजे स्विच नेटवर्कवर येण्याआधीच त्याला आपला पत्ता कळलेला असतो. ओरडून विचारायचं नाही, सर्व्हर जागा होण्याची वाट पाहायची नाही.

पण ही रीत जितकी सोपी तितक्याच तिच्या खोड्या आहेत, आणि त्या समजून घेतल्या नाहीत तर दिवस वाया जातो. पहिली खोडी: दोन नव्या चॅसी एकाच नेटवर्कला एकदम जोडल्या आणि डीएचसीपी नसला, तर दोन्हींचे १२५ एकमेकांवर आदळतात. चॅसीच्या आत हे मूळ पत्ते टकरत नाहीत, बाहेर मात्र टकरू शकतात. म्हणून नवी चॅसी आधी लॅपटॉपला थेट जोडायची, पत्ता बदलायचा आणि मगच मोठ्या नेटवर्कला लावायची.

दुसरी खोडी सबनेटची. व्यवस्थापन मॉड्यूलमधून स्विचपर्यंत पोचायचं असेल, तर त्याचे दोन्ही पत्ते आणि चारही स्विचचे पत्ते एकाच सबनेटमध्ये लागतात. बरेच जण मॉड्यूलचा बाहेरचा पत्ता कार्यालयाच्या नेटवर्कप्रमाणे बदलतात आणि स्विच १९२.१६८.७० मध्येच राहू देतात. मग व्यवस्थापनाचं पान उघडतं, त्यात स्विच हिरवा दिसतो, त्याचा पत्ताही दिसतो, पण टेलनेट लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तीन छोटी बटणं. व्यवस्थापन मॉड्यूलच्या पानावर आयओ मॉड्यूलच्या प्रगत मांडणीत ती सापडतात. ‘बाहेरची पोर्टं चालू’ हे बंद असेल तर वरच्या नेटवर्ककडे जाणारी केबल कितीही वेळा बदला, दिवा लागणार नाही. ‘सर्व पोर्टांवरून बाह्य व्यवस्थापन’ हे बंद असेल तर स्विचशी बोलणं फक्त व्यवस्थापन मॉड्यूलमार्गेच होतं, सर्व्हरांची वाहतूक नेणाऱ्या पोर्टांवरून होत नाही. आणि तिसरं ‘प्रत्येक रीसेटनंतर नवी आयपी मांडणी जपा’. हे चालू असेल तर स्विच कारखान्याच्या स्थितीला नेला तरी तुम्ही दिलेला पत्ता टिकतो. बंद असेल तर तो पुन्हा १२७-१२८ च्या मूळ गणतीवर येतो. माझ्या मते हे तिसरं बटण पहिल्याच दिवशी चालू करावं. दुसरं मात्र बंद ठेवणं चांगलं, कारण व्यवस्थापनाची वाट आणि कामाची वाट वेगळी असणं ही चैन नाही, गरज आहे.

दोन्ही वाटा एकत्र केल्या की काय होतं याचंही उत्तर ब्लेडसेंटरमध्ये मिळतं. स्विचच्या व्यवस्थापनाचं व्हीलॅन आणि ब्लेड सर्व्हरांचं व्हीलॅन एकच ठेवलं, तर व्यवस्थापन मॉड्यूल आतल्या बाजूला दिसणाऱ्या पत्त्यांच्या वतीने उत्तर देऊ लागतं, आणि सर्व्हर ‘हा पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे’ अशी तक्रार करू लागतो. नॉर्टेलच्या स्विच-मॉड्यूलनी हे टाळायला व्यवस्थापनाच्या दोन आतल्या पोर्टांसाठी ४०९५ क्रमांकाचं व्हीलॅनच वेगळं राखून ठेवलं होतं.

एका बाबतीत मात्र आयबीएमने ढिलाई केली. प्रत्येक चॅसीचं मूळ वापरकर्तानाव आणि पासवर्ड एकच, आणि पासवर्ड म्हणजे इंग्रजीतला ‘पासवर्ड’ हाच शब्द, फक्त ओ या अक्षराच्या जागी शून्य. पत्ता सगळ्यांना ठाऊक, पासवर्डही सगळ्यांना ठाऊक. २००२ मध्ये हे चालून गेलं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने नेटला जोडायच्या उपकरणांना असे सामायिक पासवर्ड देण्याला आळा घातला.

एचपीची रीत: आतल्या आत डीएचसीपी

एचपीने २००६ मध्ये सी-क्लास ब्लेडसिस्टीम आणली. तिची सी ७००० ही चॅसी दहा यू उंच, पुढे १६ अर्ध्या उंचीचे सर्व्हर, मागे स्विचांसाठी आठ इंटरकनेक्ट खण आणि दोनपर्यंत ऑनबोर्ड अॅडमिनिस्ट्रेटर मॉड्यूल. पत्त्यांची मोजणी करून पाहा. प्रत्येक सर्व्हरच्या आयएलओ या देखरेख चिपला एक, म्हणजे १६. इंटरकनेक्टचे आठ. अॅडमिनिस्ट्रेटरचे दोन. एका चॅसीमागे २६ पत्ते, आणि ४२ यू रॅकमध्ये अशा चार चॅसी बसतात. हे सगळे हाताने भरायचे म्हटलं तर चूक होणारच.

एचपीने यावर काढलेला तोडगा ईबीआयपीए या नावाने ओळखला जातो: चॅसीतल्या खणांप्रमाणे आयपी पत्ते. आयबीएमसारखं ठरावीक आकडे न लादता तुम्हीच अॅडमिनिस्ट्रेटरच्या पानावर खणांचा तक्ता भरायचा. पहिल्या खणासमोर सुरुवातीचा पत्ता लिहून बाणाचं बटण दाबलं की पुढचे खण ओळीने भरले जातात. सर्व्हरांचा तक्ता वेगळा, इंटरकनेक्टचा वेगळा. त्यानंतर मॉड्यूल डीएचसीपीने पत्ता मागतं आणि त्याला उत्तर मिळतं ते दूरच्या सर्व्हरकडून नव्हे, तर शेजारच्या अॅडमिनिस्ट्रेटरकडून, खणाप्रमाणे ठरलेलं.

म्हणजे पद्धत डीएचसीपीचीच, पण ओळख मॅक पत्त्यावरून नाही, खणावरून. तिसऱ्या खणातला स्विच जळाला, नवा ढकलला की त्याला जुन्याचाच पत्ता मिळतो. देखरेखीचं सॉफ्टवेअर, नोंदवही, फायरवॉलचे नियम, कशालाच हात लावावा लागत नाही. शिवाय हे पत्तेवाटप चॅसीच्या आतच राहतं. बाहेरच्या संगणकांना चुकून पत्ते वाटत सुटण्याची भीती नाही.

अट एकच, आणि तीच बहुतेकांना नडते: मॉड्यूल डीएचसीपीवर ठेवलेलं असलं पाहिजे. पूर्वी दुसरीकडे वापरलेलं मॉड्यूल, ज्याच्या पोटात कुणीतरी स्थिर पत्ता कोरून ठेवलाय, ते या तक्त्याला भीक घालत नाही. ते आपला जुना पत्ता घेऊनच उठतं. सेकंडहँड मॉड्यूल आणलं असेल तर ते आधी कारखान्याच्या स्थितीला न्या, मग खणात बसवा.

दोन्हींची तुलना करायची तर माझं झुकतं माप एचपीला. आयबीएमची गणती लक्षात ठेवायला सोपी, पण बाहेरच्या जगात ती बदलावी लागतेच. एचपीने बदल हे गृहीत धरूनच तक्ता दिला. शिवाय सुरुवातीचा पासवर्ड प्रत्येक अॅडमिनिस्ट्रेटरला वेगळा, त्याला लटकवलेल्या चिठ्ठीवर छापलेला. ती चिठ्ठी फेकून देणारे महाभाग असतातच, पण तो दोष यंत्राचा नाही.

चॅसी नसेल तेव्हा

सुटे स्विच, कॅमेरे, कारखान्यातली नियंत्रण-उपकरणं यांना खण नसतो, पण पोर्ट असतं. जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०४६ मध्ये ठरलेला पर्याय ८२ नेमका याचा फायदा घेतो. उपकरणाची डीएचसीपी विनंती ज्या स्विचमधून जाते तो स्विच तिच्यावर शेरा मारतो: ही विनंती माझ्या अमुक पोर्टवरून आली. सर्व्हर मग मॅक पत्ता बाजूला ठेवून पोर्ट पाहून पत्ता देऊ शकतो.

कारखान्यांसाठीच्या काही स्विचमध्ये तर सर्व्हरचीही गरज उरत नाही. स्विचच आपल्या प्रत्येक पोर्टसाठी एक पत्ता राखून ठेवतो. रॉकवेलच्या स्ट्रॅटिक्स स्विचमध्ये ही सोय आहे, सिस्कोच्या औद्योगिक स्विचमध्येही. चाकणला किंवा वाळूजला रात्रपाळीत एखादं इनपुट-आउटपुट मॉड्यूल बंद पडलं, तर इलेक्ट्रिशियनने तेच मॉड्यूल त्याच केबलला लावायचं, पत्ता आपसूक जुनाच. लाइन सुरू करायला आयटीच्या माणसाला झोपेतून उठवावं लागत नाही. फक्त केबल त्याच पोर्टमध्ये परत गेली पाहिजे, म्हणून पोर्टांवर चिठ्ठ्या हव्यातच.

एकावर एक रचलेले स्विच

इथे पत्त्याऐवजी क्रमांक आपोआप मिळतो. सिस्कोने २००३ मध्ये कॅटॅलिस्ट ३७५० बरोबर स्टॅकवाइज आणलं. खास केबलने नऊपर्यंत स्विच एकत्र बांधायचे आणि बाहेरच्या जगाला एकच स्विच, एकच पत्ता दिसायचा. प्रमुख कोण हे स्विचच ठरवतात: १ ते १५ मधला प्राधान्यक्रम ज्याचा मोठा तो, आणि बाकी सगळं समसमान असेल तर शेवटी ज्याचा मॅक पत्ता लहान तो. प्रत्येकाचा मूळ क्रमांक १ असतो. टक्कर झाली की नवख्याला मोकळा असलेला सर्वांत लहान क्रमांक मिळतो.

समसमान प्राधान्यावर सोडलेल्या गठ्ठ्यात प्रमुख कोण होईल हे नशिबावर सोडल्यासारखं आहे. प्रमुख बदलला आणि मॅक पत्ता जपून ठेवण्याची सूचना दिलेली नसली, तर सगळ्या गठ्ठ्याचा मॅक पत्ताच बदलतो. म्हणजे त्यावर बांधलेलं डीएचसीपी आरक्षणही गेलं. प्राधान्य हाताने ठरवा, आणि नवा स्विच गठ्ठ्यात घालताना तो बंद असू द्या. चालू स्थितीत जोडला तर प्रमुखपदाची निवड पुन्हा होऊन हरलेल्या बाजूचे स्विच रीस्टार्ट होण्याची पाळी येते.

पत्ता नसलेली वाट

आता शेवटचा आधार. पत्ता मिळाला नाही, चुकीचा मिळाला, कुणी विसरलं, तरीही ज्या वाटेने आत जाता येतं ती म्हणजे कन्सोल पोर्ट. ही सीरियल वाट आहे. तिच्यात आयपी नाही, सबनेट नाही, व्हीलॅन नाही. फिकट निळी चपटी केबल, एका टोकाला आरजे ४५, दुसऱ्याला नऊ पिनांचा कनेक्टर. लॅपटॉपवरून सीरियल पोर्ट केव्हाच हद्दपार झालेत, तेव्हा मध्ये यूएसबीचा अडॅप्टर लागतो. नव्या स्विचवर थेट यूएसबी कन्सोलही असतो. पुट्टी उघडायचं, वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. पडद्यावर कचरा अक्षरं उमटली तर वेग चुकलाय असं समजावं. मिक्रोटिकसारखी काही उपकरणं १,१५,२०० वर बोलतात.

ब्लेड चॅसीत प्रत्येक मॉड्यूलला वेगळी केबल लावत बसावं लागत नाही. सी ७००० मध्ये अॅडमिनिस्ट्रेटरशी एकदा जोडलं की ‘कनेक्ट इंटरकनेक्ट’ आणि पुढे खणाचा क्रमांक एवढी आज्ञा दिल्यावर त्या खणातल्या स्विचचा कन्सोल समोर येतो. तिथेही क्रमांक खणाचाच, हे लक्षात घेण्याजोगं. शिवाय चॅसीच्या पुढच्या अंगाला इनसाइट डिस्प्ले नावाचा छोटा पडदा असतो. बटणं दाबून अॅडमिनिस्ट्रेटरचा पत्ता तिथूनच पाहता आणि बदलता येतो. आणि लॅपटॉप सेवा-पोर्टला लावला, तर दोघेही १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बोलू लागतात. ही स्वयंघोषित पत्त्यांची पद्धत मे २००५ मध्ये आरएफसी ३९२७ म्हणून प्रमाण झाली. एरवी लॅपटॉपवर १६९.२५४ दिसला की आपण कपाळाला हात लावतो. इथे तोच कामाला येतो.

छोट्या सुट्या स्विचना कन्सोल नसतो. तिथे उत्पादकाचा मूळ पत्ता पाठ असलेला बरा. डीएचसीपी मिळालं नाही तर नेटगिअरचे बरेच स्मार्ट स्विच १९२.१६८.०.२३९ वर जातात, युनिफायचे १९२.१६८.१.२० वर. डी-लिंकचे १०.९०.९०.९० वर सापडतात. लॅपटॉपला त्याच घराण्यातला पत्ता हाताने द्यायचा आणि ब्राउझर उघडायचा. मिक्रोटिकचं विनबॉक्स तर आयपीशिवाय, नुसत्या मॅक पत्त्यावरून जोडून देतं.

या स्थानिक वाटेची किंमतही आहे. जो स्विचजवळ पोचला तो त्याचा मालक झाला असं धरून चाला. अनेक कॅटॅलिस्ट स्विचवर वीज देताना मोड बटण दाबून धरलं की पासवर्डला वळसा घालता येतो. हा दोष नव्हे, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. नाहीतर पासवर्ड विसरलेला स्विच भंगारातच गेला असता. पण त्यामुळे रॅकचं कुलूप हा सुरक्षेचाच भाग ठरतो, आणि किल्ली रॅकलाच लटकवून ठेवण्याची आपली सवय त्या कुलपाला काही अर्थ ठेवत नाही.

आपोआपपणाची दुसरी बाजू

डीएचसीपी मुळात विश्वासावर चालतं. जो आधी उत्तर देईल त्याचं खरं. कुणी घरचा वायफाय राउटर आणून ऑफिसच्या सॉकेटमध्ये त्याचं लॅन पोर्ट खुपसलं की तोही पत्ते वाटू लागतो, आणि निम्म्या मजल्याचं नेट जातं. स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं तर ज्या पोर्टमागे खरा सर्व्हर आहे तेवढ्यावरूनच उत्तरं पुढे जातात. ही सोय बऱ्याचशा व्यवस्थापित स्विचमध्ये असते, पण बहुधा आपण चालू करीपर्यंत ती बंदच असते.

पत्त्यापुढे जाऊन पूर्ण मांडणीच आपोआप उतरवणाऱ्या यंत्रणांचा धोका अधिक मोठा. सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉलमध्ये नवा स्विच नेटवर्कला लावला की त्याची मांडणी आणि सॉफ्टवेअर मुख्य स्विच पाठवून देई. त्यासाठी ४७८६ हे पोर्ट उघडं असे, आणि समोरचा खरोखर मुख्य स्विच आहे का हे तपासायची व्यवस्था नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये हल्लेखोरांनी या सोयीचा गैरवापर करून जगभरच्या स्विचांची मांडणी पुसली आणि तिच्या जागी अमेरिकेचा झेंडा आणि निवडणुकांत ढवळाढवळ करू नका असा मजकूर ठेवला. इराणच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने दिलेला आकडा जगभरात सुमारे दोन लाख स्विचांचा, त्यातले साडेतीन हजार इराणमधले. ज्यांनी ती सोय कधी वापरलीच नव्हती, त्यांच्याकडेही ती चालूच होती. आणि ज्यांनी मांडणीची प्रत बाहेर ठेवली होती, त्यांना कन्सोल लावून ती परत चढवता आली.

आपल्या रॅकपुरतं

पत्ते वाटणारा सर्व्हर यूपीएसवर असेल आणि स्विचच्या आधी उभा राहील अशी व्यवस्था करा. ते जमत नसेल तर मोजक्या महत्त्वाच्या स्विचना सरळ स्थिर पत्ता द्या, त्यात कमीपणा नाही. चॅसी असेल तर खणाप्रमाणे पत्त्यांचा तक्ता आजच भरा. सुट्या स्विचसाठी पर्याय ८२ जमतो का ते पाहा. वापरात नसलेली आपोआप-मांडणीची प्रत्येक सोय बंद करा. आणि रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: खण किंवा पोर्ट, त्याचा पत्ता, कन्सोलचा वेग. पासवर्ड त्यावर लिहू नका. कन्सोलची केबल आणि अडॅप्टर त्याच रॅकमध्ये ठेवा, आणि ते कुणी उसने मागायला आलं तर देऊ नका.